लिव्ह-इनचा कायदा उत्तराखंडचा, वऱ्हाडाने का वाचावा?

अमरावती किंवा अकोल्याचा मुलगा नोकरीसाठी डेहराडूनला गेला आणि मैत्रिणीसोबत लग्नाविना राहू लागला, तर त्याला सरकारदरबारी नोंद करावी लागते. २७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला उत्तराखंडचा समान नागरी कायदा बाहेरून येऊन राहणाऱ्यांनाही हे बंधन घालतो. महिनाभरात नोंद नाही केली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोघांपैकी कोणी २१ वर्षांखालील असेल, तर घरीही कळवले जाते.

या कायद्याला जमियत उलेमा-ए-हिंदने नैनीतालच्या उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. लग्न, तलाक, वारसा हा धर्माचरणाचा भाग असून घटनेचे कलम २५ त्याला संरक्षण देते, असे तिचे म्हणणे. समर्थकांचा आधार कलम ४४.

खरी मेख वेगळीच आहे. या कायद्यातून अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. उद्या तो महाराष्ट्रात जसाच्या तसा आला, तर मेळघाटातल्या कोरकूंच्या रूढी शाबूत राहतील, अचलपूर-बाळापूरच्या मुस्लिमांच्या नाहीत. ‘जमातींना सूट, मग आम्हाला का नाही?’ हा जमियतचा सवाल बिनतोड नसेल, पण न्यायालयाला तो टाळता येणार नाही.

लिव्ह-इनच्या नोंदीला विरोध करणारी तरुण जोडपी मात्र धर्माचे नाव घेत नाहीत. खासगीपणा मूलभूत हक्क ठरवणारा २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हा त्यांचा आधार. सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी आणि मुलांना औरस दर्जा, हेही याच कायद्यात आहे.