विसार, सिनाल आणि बिल्डरचे टोकन

विसार हा शब्द हल्लीच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. कुणी त्याला इसार म्हणतात, कुणी बयाणा. गाय घ्यायची ठरली, जमिनीचा तुकडा विकायचा ठरला, की घेणारा चार पैसे पुढे करायचा आणि सौदा पक्का व्हायचा. बँडवाल्याला सुपारी देतात ना, तोच प्रकार. रक्कम लहान, पण तिने दोघेही बांधले जात. घेणाराही आणि देणाराही.

आमच्या गोव्यात तर याला कायद्याचा आधार होता. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत खरेदी-विक्रीच्या परस्पर वचनाबद्दल कलम होते आणि त्यात या रकमेला 'सिनाल' म्हटले होते. नियम अगदी सरळ. पैसे देणारा फिरला तर त्याचा सिनाल बुडाला, आणि घेणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करायचा. मुक्तीनंतर करारांना भारतीय कायदा लागू झाला आणि सिनाल मागे पडला. पोर्तुगीज कायद्याचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. पण या एका नियमात जो समतोल होता तो आजच्या बिल्डरच्या बुकिंग फॉर्मात शोधून दाखवावा!

आता काय होते बघा. म्हापशाला किंवा पर्वरीला फ्लॅट बघायला जायचे. एसी ऑफिस, थंड पाणी, काचेच्या पेटीत इमारतीचे मॉडेल. "आज टोकन दिले तर हा रेट, सोमवारपासून वाढणार. दिल्लीची पार्टी चेक घेऊन तयार आहे." मग पन्नास हजार, लाख, दोन लाख दिले जातात आणि हातात एक पावती येते. पावतीच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असते की रक्कम परत मिळणार नाही. बिल्डर फिरला तर काय, याबद्दल एक ओळ नाही. याला मी विसार म्हणत नाही. विसाराने दोघे बांधले जात. इथे एकटा गिऱ्हाईक बांधला जातो.

पुढच्या करारपत्रातही हाच न्याय. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१९ साली गुरगावच्या एका प्रकल्पाचा खटला आला होता. त्या करारात गिऱ्हाइकाने हप्ता चुकवला तर १८ टक्के व्याज. बिल्डरने ताबा द्यायला उशीर केला तर मात्र सवलतीची मुदत संपल्यावरही आणखी बारा महिने थांबायचे, मग नोटीस द्यायची, आणि मग ९ टक्क्यांनी पैसे परत! न्यायालयाने हा करार एकतर्फी ठरवला आणि असा करार गिऱ्हाइकावर बंधनकारक नाही असे सांगितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी एक निकाल आला. त्यात बिल्डरला करारातल्या कलमावर बोट ठेवून किमतीचे २० टक्के जप्त करायचे होते. न्यायालयाने १० टक्केच मान्य केले. ठीक आहे. पण साठ लाखांच्या फ्लॅटचे दहा टक्के म्हणजे सहा लाख, आणि दिल्लीपर्यंत भांडत जायला किती जणांना जमणार?

म्हणून मला वाटते, सगळी शक्ती सही करण्याआधीच वापरावी. शेजारच्या महाराष्ट्रात १९६३ पासून कायदा होता की करार नोंदवल्याशिवाय बिल्डरने आगाऊ रक्कम घेऊ नये, आणि तीही किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच. तो गोव्याला लागू नव्हता. आम्हाला रेरापर्यंत थांबावे लागले. २०१६ च्या या कायद्याचे तेरावे कलम मे २०१७ पासून लागू आहे: लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, मग त्याला टोकन म्हणा, अर्ज फी म्हणा की आणखी काही. आणि प्रकल्पाची रेरात नोंदणीच झालेली नसेल तर जाहिरात आणि बुकिंगही करता येत नाही. तेव्हा 'प्री-लाँच ऑफर' हा जो गोड शब्द आहे, तो ऐकला की खिशावर हात ठेवावा.

पण आमच्या गावांत एक पळवाट मोठी आहे. पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर नोंदणीची सक्ती नाही. भाटकाराचे जुने घर पाडून तिथे सहा फ्लॅट उभे राहतात, ते बहुतेक या खात्यातले. तिथे रेराच्या वेबसाइटवर काही सापडत नाही, कागद आपणच मागायचे. एक-चौदाचा उतारा, जमिनीच्या रूपांतराची सनद, बांधकामाचा परवाना. उताऱ्यावर मुंडकाराचे नाव आहे का तेही बघायचे. आणि खास आमचा गोवेकरी प्रश्न: सह्या कोणाकोणाच्या? इथे नवरा-बायकोची मालमत्ता बहुतेक वेळा सामाईक असते, दोघांच्या संमतीशिवाय जमीन विकता येत नाही. चार भावांची जमीन असेल तर चार भाऊ आणि चार वहिनी! एक भाऊ लिस्बनला आणि एक वहिनी कुवेतला असेल, तर त्यांची मुखत्यारपत्रे टोकनच्या आधी बघावीत, नंतर नव्हे.

हे सगळे विचारायला आम्हाला भीड वाटते, ही खरी अडचण. बिल्डर ओळखीचा असतो, देवळाच्या कमिटीवर असतो, पालखीला भेटतो. "काय रे, माझ्यावर विश्वास ना?" एवढे तो म्हणाला की आम्ही गप्प. बाजारात बांगड्यांच्या वाट्यावरून दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारे आम्ही, साठ लाखांच्या कागदावर मात्र 'इथे सही, इथे सही' करत चाळीस पाने उलटतो. त्यात भाषा इंग्रजी. मराठी-कोकणी वादावर आम्ही इतकी वर्षे हिरिरीने बोलतो, पण आयुष्याची पुंजी जिच्यावर ठरते ती भाषा या दोन्हींपैकी नव्हे, याची खंत कुठे ऐकू येत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की टोकन देण्याआधी करारपत्राचा मसुदा मागावा. रेराच्या नियमांना करारपत्राचा नमुनाच जोडलेला आहे, तेव्हा मसुदा तयार नाही ही सबब चालत नाही. तो घरी आणावा, वकिलाकडून मराठीत नाहीतर कोकणीत समजून घ्यावा, नुसता 'बघून' नव्हे. ताब्याची तारीख, उशीर झाल्यास व्याज, रद्द केल्यास किती कापणार, ही तीन कलमे तरी घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावीत. व्याजाचा दर दोघांना सारखाच हवा, असे रेरा म्हणतो. आणि पावतीवरच लिहून घ्यावे की अमुक दिवसांत करार झाला नाही तर पूर्ण रक्कम परत. बिल्डर म्हणेल, असे कोणी लिहून मागत नाही हो. म्हणू दे. दिल्लीची पार्टी सोमवारी येणारच आहे ना, तिच्याकडून घेईल तो पैसे.