पाळी सुटल्यावर दोन मिनिटं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागांच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागतं. तिथली पोरं इंग्रजीच्या आयईएल्ट्स परीक्षेच्या तोंडी भागात मात्र पुटपुटतात. मुलाखत ११ ते १४ मिनिटांची. मधल्या भागात हाती विषयाचं कार्ड, तयारीला १ मिनिट, मग २ मिनिटांपर्यंत बोलायचं. क्लासवाले ठरावीक उत्तरं घोकून घेतात, आणि घोकलेलं परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं. अरे, जकार्डवर चादरीची नक्षी कशी उठते, धागा तुटला की माग का थांबवावा लागतो, हे सांगा की! घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, बाजारात कन्नड बोलणाऱ्याला आणखी एक भाषा जड नाही. सोलापुरी हेलाचे गुण कापत नाहीत; बोलणं कळलं पाहिजे. रोज पाळी सुटल्यावर दोन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि स्वतःच ऐका.