ग्रंथालयात चर्चेलाही जागा हवी

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि केंद्र व राज्य सरकारांच्या ६३०० हून अधिक संस्थांतील जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधक, असा या योजनेचा विस्तार आहे. मोजक्या संपन्न संस्थांपुरते मर्यादित असलेले संशोधन साहित्य आता तालुक्याच्या गावातील शासकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचू शकेल. या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे.

मात्र, सारे काही पडद्यावर आल्यावर विद्यापीठांना ग्रंथालयाची भव्य वास्तू हवी कशाला, असा सूर यानिमित्ताने निघू शकतो. तो घातक आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली आपली पाच सूत्रे मांडली. पुस्तक वापरासाठी असते, या पहिल्या सूत्राचे विवेचन करताना त्यांनी ग्रंथालयाचे स्थान, त्याच्या वेळा, तेथील आसनव्यवस्था आणि सेवकवर्ग यांचाही विचार केला. ग्रंथालय ही वाढती जीवसंस्था आहे, हे त्यांचे पाचवे सूत्र. जे वाढते, त्याचे रूप पालटणारच.

हे रूपांतर आपल्याकडे नवे नाही. विद्यापीठीय ग्रंथालयांना जोडणाऱ्या ‘इन्फ्लिबनेट’चा प्रारंभ १९९१ साली पुण्याच्या ‘आयुका’च्या छत्राखाली झाला. आज त्याच संस्थेच्या ‘शोधगंगा’वर देशभरातील प्रबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. नियतकालिकांच्या बांधीव खंडांनी अडवलेली जागा त्यामुळे काही प्रमाणात मोकळी होऊ शकते. त्या जागेचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे.

दोन खोल्यांच्या घरात वाढणाऱ्या विद्यार्थ्याला शांत अभ्यासिका हवीच. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी तेथे गर्दी होते, ती या गरजेपोटीच. परंतु मौन वाचन म्हणजे संपूर्ण अध्ययन नव्हे. शास्त्रार्थाची परंपरा असलेल्या देशाला हे सांगावे लागू नये. चौघांनी एका टेबलाभोवती बसून प्रकल्पाची आकडेवारी तपासावी, वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने खालच्या वर्गातील विद्यार्थ्याच्या शंका सोडवाव्यात, यासाठी किती विद्यापीठांत जागा राखलेली आहे? अमेरिकेतील विद्यापीठांनी १९९०च्या दशकापासून संगणक, चर्चेची दालने आणि ग्रंथपालांचे साहाय्य एकाच छताखाली आणले. त्यांचे अंधानुकरण नको. पण मर्म घ्यायला हरकत नाही.

चर्चेच्या नावाखाली गप्पांचे अड्डे जमतील, ही शंका रास्त आहे. त्यावर उपायही आहे. शांत वाचनाचा कक्ष आणि चर्चेची दालने निरनिराळ्या मजल्यांवर असावीत, दालनांची आगाऊ नोंदणी व्हावी. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे राहावे आणि विद्यार्थिनींना तेथे निर्धास्तपणे येता-जाता यावे. मुख्य म्हणजे, ग्रंथपालाला केवळ देवघेवीचा कारकून न मानता शिक्षकाचे स्थान मिळावे. नेमका संदर्भ कसा शोधावा, पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट नियतकालिके कशी ओळखावीत, हे तोच शिकवू शकतो.

सहा हजार कोटी हा करदात्यांचा पैसा आहे. तो प्रवेशाचा परवाना मिळवून देईल. त्या साहित्याचा उपयोग करणारा विद्यार्थी घडवण्याचे दायित्व विद्यापीठांचे आहे. ते ग्रंथालयाच्या वास्तूतच पार पडायचे आहे.