शोकेसला दिवे, स्वयंपाकघराला अंधार!

घर नवं बांधलं किंवा जुनं सजवलं, की हल्ली दिव्यांचा केवढा विचार होतो! हॉलमध्ये पीओपीच्या छतात लपवलेले दिवे, टीव्हीच्या मागे रंगीत पट्टी, शोकेसमधल्या ढाली-चषकांवर खास प्रकाश. आणि स्वयंपाकघरात? मधोमध एक ट्यूब. झालं! वर ‘मॉड्युलर किचन करून दिलं ना तुला’ हेही ऐकायचं.

या किचनबरोबर आता आपल्या गावांतही उंच कपाटं आली. दुकानदार त्यांना ‘टॉल युनिट’ म्हणतात. जमिनीपासून पार छताजवळ पोचणारी आणि चांगली खोल. सामान भरपूर मावतं, दिसतातही देखणी. पण दार उघडून समोर उभं राहिलं, की ट्यूबकडे आपली पाठ होते आणि आपलीच सावली आत पडते. मग खालच्या कप्प्यात वाकून चाचपडायचं, वरच्यासाठी स्टुलावर चढून अंदाजानं डबा ओढायचा. मागच्या डब्यातल्या रव्याला जाळी धरलीय, हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. चाळिशी लागलेल्या डोळ्यांचे आणि घरातल्या सासूबाईंचे हाल तर विचारूच नका.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, मैत्रिणींनो, कपाटाच्या आतला दिवा ही चैन नाही. शोकेसच्या आधी मान त्याचा.

तो लावायचा कुठं, हेही आपणच सांगायला हवं. कपाटाच्या वरच्या बाजूला एक गोल दिवा ठोकला, तर पहिल्याच फळीनं उजेड अडतो आणि खाली अंधार तसाच राहतो. त्यापेक्षा एलईडीची पट्टी कपाटाच्या आत, पुढच्या कडेलगत वरपासून खालपर्यंत उभी लावायची आणि तिचं तोंड आत वळवायचं. मग प्रत्येक कप्प्यात समोरून उजेड पडतो. पट्टीला दुधी झाकण असलेली अ‍ॅल्युमिनियमची खाच घ्या. उजेड डोळ्यांवर येत नाही आणि पुसायलाही सोपं जातं. रंग फार पिवळा नको, निळसर पांढराही नको. ४००० केल्विनचा मधला बरा. खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलेलं असेल, तर डाळी-मसाल्यांचे रंग खरे दिसतात.

‘बिल वाढेल’ असं कुणी म्हणालं, तर हिशेब मांडून दाखवा. मीटरला ५ वॅटची पट्टी २ मीटर लावली, तर झाले १० वॅट. दार उघडलं की लागणारा आणि मिटलं की विझणारा सेन्सर बसवला, आणि दार दिवसाकाठी अर्धा तास उघडं राहिलं असं धरलं, तर एक युनिट जळायला २०० दिवस लागतील!

एक गोष्ट मात्र सुताराचं काम सुरू होण्याआधीच ठरवा. ही पट्टी १२ किंवा २४ व्होल्टवर चालते, त्यासाठी छोटा ड्रायव्हर लागतो. १० वॅटच्या पट्टीला १५ वॅटचा घ्या, म्हणजे त्याच्यावर ताण येत नाही. तो हात पोचेल आणि हवा लागेल अशा जागी हवा. कपाटामागे कोंबला आणि बिघडला, तर अख्खं कपाट हलवावं लागेल. पॉइंट आधी काढून घेतला, तर नंतर भिंत फोडायला नको. घर भाड्याचं असेल किंवा फर्निचर आधीच झालं असेल, तर चार्जिंगचे, चिकटवायचे सेन्सर दिवे मिळतात. तेही काम भागवतात.

खरा प्रश्न पट्टीचा नाहीच. किचनचा नकाशा ठरतो तेव्हा घरचे पुरुष, सुतार आणि वायरमन बोलत असतात, आणि ज्या बाईचे दिवसातले कितीतरी तास तिथं जाणार असतात, ती त्यांना चहा आणून देते. चहा जरूर द्या. पण ट्रे ठेवून तिथंच बसा आणि विचारा, ‘कपाटातला पॉइंट कुठं काढताय?’