इझिकेल परके कसे?

अक्कलकोटच्या एसटी स्टँडवर अर्धा तास उभे राहिले तरी कानांवर तीन-चार भाषा पडतात. घरी कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात दखनी असा व्यवहार करणारी माणसे या तालुक्यात गावोगाव आहेत. 1967 मध्ये महाजन आयोगाने हा तालुका तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावा असे सुचवले. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी तीच मागणी पुन्हा उकरून काढली. जिभेवरची भाषा हाच माणसाचा सातबारा मानला की काय होते, हे अक्कलकोटकराला वेगळे सांगावे लागत नाही.

असाच सातबारा दाखवून एका माणसाला मराठी साहित्यविचाराच्या ओसरीवरच थांबवले गेले आहे. ते म्हणजे इंग्रजीत लिहिणारे कवी निसीम इझिकेल.

16 डिसेंबर 1924 रोजी मुंबईत, बेने इस्रायल या ज्यू समाजातल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. इझिकेल स्वतः मिठीबाई कॉलेजात इंग्रजीचे विभागप्रमुख होते, पुढे मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाले. 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि 1988 ची पद्मश्री त्यांच्या नावावर आहे. तरीही मराठीत त्यांचा विषय निघाला की तीन आक्षेप हमखास येतात: ते ज्यू, म्हणजे बाहेरचे. ते इंग्रजीत लिहिणारे, म्हणजे आपले नव्हेत. आणि राजकारणाशी त्यांचा संबंध तरुणपणीच्या हौसेपुरता.

पहिला आक्षेप सगळ्यांत लेचापेचा. अलिबागजवळच्या नवगावला पूर्वजांचे गलबत फुटले, अशी आठवण सांगणारा हा समाज कोकणात तेलाचे घाणे चालवत असे. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी नाव ठेवले ‘शनवार तेली’. किहीमचे किहीमकर झाले, राजपुरीचे राजपूरकर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मंडळींनी अब्राहम आणि योसेफ यांच्या कथांवर मराठीत कीर्तने उभी केली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली. पुढे यातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले, तर तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. एवढ्यानंतरही ज्याला हे लोक बाहेरचे वाटतात, त्याने अक्कलकोटात येऊन एक प्रश्न स्वतःला विचारावा. स्वामी समर्थ 1856-57 च्या सुमारास इथे आले आणि 1878 मध्ये समाधिस्थ होईपर्यंत इथेच राहिले. ते मूळचे कुठले, यावर भाविकांचे आजही एकमत नाही. म्हणून गावाने त्यांना परके ठरवले का?

आणि इझिकेल तर इस्रायलला जाऊ शकत असूनही गेले नाहीत. 1948 मध्ये ते लंडनला गेले, पण कायमचे नव्हे. तिथे हाल काढले, 1952 मध्ये पहिला कवितासंग्रह छापला आणि त्याच वर्षी मालवाहू बोटीवर खलाशाची कामे करत मायदेशी परतले. व्ही. एस. नायपॉल यांनी भारताला अंधाराचा प्रदेश ठरवले, तेव्हा 1965 मध्ये त्यांना सविस्तर लेखी उत्तर दिले ते याच ‘बाहेरच्या’ माणसाने. इथली घाण, गरिबी, ढोंग यांतले काहीही त्यांनी नाकारले नाही. त्यांचा मुद्दा एवढाच होता, की हे सारे पाहणाऱ्याने त्यात राहणाऱ्या माणसांकडे पाठ फिरवू नये.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे आणि ते कबूल केले पाहिजे. कवी म्हणून इझिकेल इंग्रजीचेच. मात्र 1974 मध्ये वृंदा नाबर यांच्यासोबत त्यांनी इंदिरा संतांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद पुस्तकरूपाने आणला, ही गोष्ट मराठी वाचक सोयीने विसरतो. बेळगावात राहून लिहिणारी कवयित्री आणि मुंबईतला ज्यू प्राध्यापक, अशी ही गाठ. 1983 ला अकादमीने इझिकेलांना गौरवले, 1984 ला ‘गर्भरेशीम’साठी इंदिराबाईंना. अकादमीच्या लेखी दोघांच्या भाषा वेगळ्या. त्या अनुवादाच्या पानांवर मात्र दोघे एकत्र बसले आहेत. घरी कन्नड बोलून मराठीत दहावी होणाऱ्या अक्कलकोटच्या मुलाला यात नवल वाटायचे कारण नाही.

तिसऱ्या आक्षेपाचा समाचार जरा सावकाश घ्यायला हवा.

इझिकेलांनी सभागृह गाजवले नाही. मुंबईच्या बेने इस्रायलांतले सत्तेतले नाव शोधायचे, तर 1937 मध्ये महापौर झालेले डॉ. एलायजा मोझेस आहेत. इझिकेल ऐन विशीत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे काम करत होते, आणि त्या काळी रॉयवादी असणे म्हणजे शिव्या खाणे होते. 1942 मध्ये देश ‘चले जाव’ म्हणत असताना हा पक्ष फॅसिझमविरोधी युद्धाला पाठिंबा देत होता. युरोपात ज्यूंची कत्तल चालू असताना एका ज्यू तरुणाला ही भूमिका का पटली असेल, हे समजायला अवघड नाही. शिवाय ही वाट काही परदेशी नव्हती. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि सासवडचे वि. म. तारकुंडे त्याच वाटेवरचे.

1946 च्या निवडणुकीत पक्षाचा धुव्वा उडाला. 1948 च्या अखेरीस रॉय यांनी तो विसर्जित केला आणि विचारशिक्षणाचा मार्ग धरला. इझिकेलांनी 1955 मध्ये ‘क्वेस्ट’ हे नियतकालिक सुरू केले, पुढे वर्गात आणि कवितेच्या बैठकांत तरुणांच्या पिढ्या घडवल्या, ते याच वळणावरचे काम आहे. पक्ष संपला म्हणून राजकारण संपले असे मानणाऱ्यांनी तर्कतीर्थांचा विश्वकोशही मग विरंगुळा म्हणावा.

‘क्वेस्ट’च्या मागे असलेल्या संघटनेला अमेरिकी गुप्तहेर खात्याचा पैसा मिळत होता, हे 1966-67 मध्ये उघड झाले. हा डाग खरा आहे, तो पुसू नये. पण इझिकेलांचे संपादकपद त्याच्या कितीतरी आधी सुटले होते. पैसा कुणाचा होता हे सांगून झाल्यावर अंकांत काय छापले, हेही तपासावे लागते. तेवढे कष्ट न घेता दिलेला निकाल म्हणजे निव्वळ आळस.

9 जानेवारी 2004 रोजी इझिकेल मुंबईतच वारले. अक्कलकोटच्या वाचनालयात इंदिरा संतांचा संग्रह मिळेल. तो घरी नेणाऱ्याने एकदा त्या 1974 च्या अनुवादाचीही मागणी नोंदवावी आणि दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.