जुम्मा दरवाजा, शुक्रवारी तलाव

बेसा, मनीषनगरच्या नव्या सोसायट्यांतली मुलं महालात गेली की गांधी गेट पाहतात. त्याचं जुनं नाव जुम्मा दरवाजा. जवळचा शुक्रवारी तलाव हाही पूर्वीचा जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजेच शुक्रवार. नाव मराठीत आलं, पाणी तेच राहिलं.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या आरंभी बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं. त्याने इस्लाम स्वीकारला, पण गोंडांशी सोयरीक तोडली नाही. त्याचा वारस चांद सुलतान याने गावाला कोट बांधला, तलाव केला. पुढे इथेच भोसल्यांची राजधानी नांदली.

२०२५च्या रमजानमध्ये, १७ मार्चला, याच महालात इतिहासाच्या वादातून दगडफेक झाली, संचारबंदी लागली. इतिहासासाठी भांडणारे पुष्कळ. तो वाचणारे थोडे. म्हणून नवे पुतळे, नवी भित्तिचित्रं खुशाल व्हावीत, पण आधी प्रत्येक जुन्या वास्तूपाशी ठळक मराठीत तिची खरी हकीकत लिहिलेली हवी. शाळेची एक तरी सहल तिथे जायला हवी.

कुरआन रमजानमध्ये उतरलं. मुस्लिम श्रद्धेनुसार त्याचा पहिला शब्द ‘इक्रा’, म्हणजे वाच. शहरही वाचायचीच गोष्ट आहे.