डोक्याच्या गोळ्या आणि औषधांची पिशवी

म्हाताऱ्या माणसाचं मनही आजारी पडतं, हे आमच्या वाशिमकडे अजून फारसं कुणी मानत नाही. 'वय झालं, जेवण तुटलं, बोलत नाहीत' एवढ्यावर विषय संपतो. डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिलीच, तर घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "डोक्याच्या गोळ्या कशाला? सवय लागते." मला हे अजिबात पटत नाही. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची. या गोळ्यांचं तसं व्यसन लागत नाही. फक्त त्या मनानेच एकदम बंद करायच्या नसतात. चक्कर येते, चिडचिड होते. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या.

मला भीती वाटते ती औषधांच्या पिशवीची. सत्तरीतल्या कुणाचीही उघडून बघा. बीपीची गोळी गावातल्या डॉक्टरची, रक्त पातळ करायची अकोल्याची, आणि गुडघ्यांसाठी मेडिकलवरून अशीच मागून आणलेली! आता त्यात एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन पडलं की म्हातारपणी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच. मग माणूस भ्रमल्यासारखं बोलतो, तोल जाऊन पडतो, आणि आपण पुन्हा म्हणतो, वय झालं. सोबत अ‍ॅस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅक असेल तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्यांनी लघवी तुंबते, रात्री उठताना गरगरतं (आणि आपल्याकडे संडास अंगणाच्या टोकाला!).

म्हणून पिशवी अख्खी नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करावी. डोस थोड्यापासून सुरू होतो. म्हातारपणी एस्सिटालोप्राम सहसा 10 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. दोन-चार आठवड्यांनी सोडियम तपासायचं का, हे आपणच विचारावं. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हातारपणी कधी त्याहून जास्त. आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडणारेच फार.

2015 मध्ये सरकारने शेतकऱ्यांसाठी 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आणला, त्यात वाशिमही होतं. चांगलंच झालं. पण शेतकऱ्याची विचारपूस करताना ओट्यावर गप्प बसलेल्या त्याच्या आईलाही कुणी विचारावं, असं मला वाटतं. टेलिमानसचा 14416 हा फोन फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आणि पुण्या-मुंबईच्या लेकरांनो, रोज फोनवर "गोळ्या घेतल्या का?" विचारता ना? एकदा "कोणकोणत्या घेतल्या, नावं वाचून दाखवायला सांग" असं शेजारच्या पोराला म्हणून बघा.